घरात चार माणसं, तिघांना माहीत

पहिल्या भेटीत तिनं टेबलावर दोन कागद ठेवले आणि खुर्ची थोडी मागे ओढून बसली. झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलेले कागद, चार घड्या पडलेले. पहिला जुलै 2024 मधला, सीए इंटरचा म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेचा निकाल, दुसरा ऑक्टोबरअखेरचा. दोन्ही पहिल्या ग्रुपचे आणि दोन्ही नापास.

“मॅम, घरी वाटतंय पहिला ग्रुप सुटलाय आणि दुसरा राहिलाय,” ती म्हणाली. “दुसरा मी अजून दिलेलाच नाही.”

दादर-माटुंग्याच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी समुपदेशक आहे. ‘नापास झालोय, घरी कसं सांगू’ हा प्रश्न घेऊन मुलं वर्षभर येत असतात, निकालाच्या हंगामात जरा जास्त. त्यांतली बहुतेक प्रकरणं दोन-तीन भेटींत मिटतात आणि मी ती विसरूनही जाते. हे विसरले नाही, कारण यात मी दिलेला सल्ला चुकला. मुलीनं आणि तिच्या वडिलांनी लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत; मार्क मात्र आहेत तेच ठेवलेत. मार्कांना हात लावला तर हे प्रकरण कळणारच नाही.

मुलगी एकवीस वर्षांची, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला, सोबत सीए. वडील बेस्टमध्ये कंडक्टर. आई घरून डबे देते. मोठा भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. राहायला परळ-नायगावच्या बाजूला, बीडीडी चाळीत. या चाळी ज्यांनी आतून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते: खोली 160 चौरस फुटांची. तिच्यातच ओटा, तिच्यातच कपाट, तिच्यातच चार अंथरुणं. फोनवर हळू बोलायचं तर गॅलरीत जावं लागतं आणि गॅलरी सगळ्या मजल्याची. अशा घरात चार महिने खोटं सांभाळायचं म्हणजे केवढी मेहनत, हे ती सांगत होती तेव्हा मला तिच्या अभ्यासापेक्षा याचंच आश्चर्य वाटत होतं.

आता मार्क. सीए इंटरला 2024 पासून सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. पास व्हायला प्रत्येक पेपरात किमान 40 हवेत, शिवाय ग्रुपच्या बेरजेत निम्मे, म्हणजे 300 पैकी 150. जुलैच्या कागदावर, म्हणजे मेमध्ये दिलेल्या परीक्षेचे, तिचे मार्क होते: अकाउंट्स 47, लॉ 41, टॅक्स 58. एकाही विषयात ती नापास नव्हती. बेरीज मात्र 146. चार मार्कांनी ग्रुप गेला. त्यात टॅक्सचे 58 म्हणजे आणखी एक चिमटा, कारण एखाद्या पेपरात 60 मिळाले तर त्या पेपरातून सूट मिळते आणि पुढच्या तीन परीक्षांपर्यंत तो पेपर द्यावा लागत नाही. मुलं याला ‘एक्झम्प्शन पडलं’ म्हणतात. तिचं दोन मार्कांनी हुकलं.

साधं नापास होणं घरी सांगायला तुलनेनं सोपं असतं. ‘गणितात गेलो’ म्हटलं की आईवडिलांना कळतं. ‘सगळ्या विषयांत पास आहे पण नापास आहे’ हे कसं सांगायचं? ती म्हणाली, “मलाच स्क्रीन बघून दोन मिनिटं कळलं नव्हतं.” आणि त्या दोन मिनिटांतच वडिलांचा फोन आला.

ते ड्यूटीवर होते. निकाल आज आहे हे त्यांना माहीत होतं. मागे बसचा आवाज, लोकांची गर्दी. ते म्हणाले, “झालं ना गं?”

ती म्हणाली, “हो.”

एवढंच खोटं ती बोलली. बाकीचं सगळं त्यावर आपोआप चढत गेलं. संध्याकाळी वडील पाव किलो पेढे घरी आणि एक किलो डेपोत घेऊन गेले. मजल्यावरच्या काकूंनी तिची दृष्ट काढली. रात्री तिनं भावाला गॅलरीत गाठून खरं सांगितलं, कारण सप्टेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरायला 1500 रुपये लागणार होते आणि तो पहिल्या ग्रुपचा भरायचा होता. भावानं पैसे दिले आणि म्हणाला, “सप्टेंबरात काढ, कुणाला कळणार पण नाही.”

वाईट हेतूनं कुणीच काही करत नव्हतं. आणि हिशेब तसा चुकीचाही नव्हता. सप्टेंबरात ग्रुप सुटला असता तर खोटं मागच्या मागे खरं झालं असतं.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. महाराष्ट्र बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल पाहायला बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. म्हणजे घरातलं कुणीही, शेजारचा दादासुद्धा, आपल्याआधी निकाल पाहू शकतो. सीएच्या निकालाला रजिस्ट्रेशन नंबर आणि रोल नंबर लागतो आणि ते दोन्ही विद्यार्थ्याकडेच असतात. बारावीपर्यंत ज्या बापानं स्वतः मोबाइलवर निकाल उघडून पाहिला, तो आता फक्त ‘झालं ना’ एवढंच विचारू शकत होता. मोठ्या परीक्षांमध्ये घरचे लोक असे हळूहळू बाहेर जाऊन उभे राहतात. कुणी ढकलत नाही त्यांना.

खोट्याला टेकू मात्र एका खऱ्या गोष्टीनं दिला. वडिलांना डेपोतल्या कुणीतरी सांगितलं की एक ग्रुप झाला की आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, लागते. पूर्वी तसं होतंही. वडिलांनी दादरच्या एका सीएंशी बोलून ठेवलं. ते म्हणाले, मुलीला मार्कशीट घेऊन पाठवा. झालं, आता सगळं उघडं पडणार असं तिला वाटलं. पण 2023 च्या नव्या योजनेत नियम बदलला आहे, दोन्ही ग्रुप सुटल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. तिनं तो नियम मोबाइलवर काढून वडिलांना दाखवला. वडील म्हणाले, “बरं झालं तू बघितलंस.” तिनं मला हे सांगितलं तेव्हा पहिल्यांदा रडली. खोटं बोलताना नव्हती रडली. खरं सांगून विश्वास मिळाला, त्याचं तिला जास्त लागलं.

सप्टेंबरची परीक्षा ऐन गणपतीत. परळ-लालबागच्या बाजूला त्या दिवसांत रात्री दोनपर्यंत ढोल असतात, त्यावर मी काही लिहायला नको. निकाल 30 ऑक्टोबरला, पहिल्या आंघोळीच्या आदल्या दिवशी. अकाउंट्स 55, लॉ 36, टॅक्स 52. बेरीज 143, शिवाय आता लॉमध्येही नापास.

वडिलांच्या समजुतीप्रमाणे ही परीक्षा दुसऱ्या ग्रुपची होती. तेव्हा ती म्हणाली, “दुसरा राहिला, बाबा.” वडील उटणं आणायला खाली निघाले होते. चप्पल घालता घालता म्हणाले, “असू दे. एक तर सुटलाय ना. पुढच्या वेळी बघू.” ओरडले नाहीत, तोंड पाडलं नाही. येताना उटण्याबरोबर तिच्यासाठी चकलीचं पाकीटही घेऊन आले, घरात आईनं केलेल्या चकल्या असताना.

“तेव्हा कळलं, मॅम,” ती म्हणाली, “जुलैत सांगितलं असतं तरी ते असंच म्हणाले असते.”

हे वाक्य मी तिच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. जुलैत तिच्याकडे एकच बातमी होती, नापास झाल्याची. नोव्हेंबरात त्या बातमीला वडील तयार होते, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता सांगायचं होतं ते वेगळंच. मी तुम्हाला फसवलं, तुम्ही वाटलेले पेढे खोटे होते.

पहिल्या भेटीत मी तिला एक प्रश्न थेट विचारला, तो इथं लिहिते, कारण पालकांना आणि शिक्षकांनाही तो विचारायची भीती वाटते. “जीव द्यावासा वाटतो का? कधी वाटलं का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट विचारलं की मुलं मोकळी होतात. 2022 साली देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे, आणि राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र वरच आहे. ती म्हणाली, “मरावंसं नाही वाटलं. दिवाळीत गावाला जाणाऱ्या गाडीत बसून निघून जावं असं वाटलं, दोन-तीनदा.” मग त्यावर बोललो, कुठं जाशील, कुणाला सांगशील, रात्री असं वाटलं तर काय करशील. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिच्या फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ही दहा मिनिटं झाल्यावरच मी ‘घरी कसं सांगायचं’ या विषयाकडे वळले. उलट क्रमानं हे करू नये.

तिच्या डोक्यात एक योजना तयार होती. वडिलांना रविवारी फाइव्ह गार्डनला फिरायला न्यायचं आणि तिथं बाकावर सांगायचं, म्हणजे लोकांसमोर ते ओरडणार नाहीत. मी म्हटलं, ओरडणार नाहीत हे खरं, पण त्यांना रडावंसं वाटलं तर? ती गप्प झाली. गर्दीची ढाल करून सांगितलेली गोष्ट समोरच्यालाही बांधून घालते. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं, हा दुसरा पर्याय. त्याला मी सरसकट नाही म्हणत नाही. मुलं हॉस्टेलवर असली तर कधीकधी तोच बरा. पण बाप बसमध्ये तिकिटं देत असताना खिशात फोन थरथरणार आणि दोन स्टॉपच्या मधे तो वाचणार, हे काही बरं नव्हतं.

मग आम्ही वाक्यं बांधली. माझ्याकडे येणारी जवळपास सगळी मुलं सुरुवात अशी करतात: “बाबा, एक सांगायचंय, रागावणार नाही ना?” यात आधी वचन मागितलं जातं आणि मग बातमी दिली जाते. बापानं ‘नाही रागावणार’ म्हटलं की तो अडकला. नंतर राग आला तर वचन मोडल्याचं पाप त्याच्याच माथी. राग यायचा तर येऊ द्यावा. तिच्याकडून मी चार वाक्यं लिहून घेतली, तिच्याच शब्दांत:

“बाबा, माझा पहिला ग्रुप सुटलेला नाही. जुलैतही नव्हता सुटला. मी तुम्हाला फोनवर हो म्हणाले ते खोटं होतं. दुसरा ग्रुप मी दिलेलाच नाही, सप्टेंबरात पुन्हा पहिलाच दिला आणि तोही गेला.”

एवढं बोलून थांबायचं. ‘सॉरी’ नंतर. कारण तर त्याहून नंतर, विचारलं तरच. तिला सांगायचं होतं की मे 2024 ला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी जेमतेम 18 टक्के पास झाले, म्हणजे पाचातला एकही पुरता नाही. आकडा खरा आहे. पण कबुलीच्या दुसऱ्याच वाक्यात टक्केवारी आली की ती सबब वाटते. तो आकडा दोन दिवसांनी, वडिलांनीच विचारलं की ‘एवढी कठीण असते का गं ही परीक्षा’, तेव्हा कामाला येतो.

कागदावर तिनं पुढचंही मांडून घेतलं. जानेवारीची परीक्षा, फॉर्मची मुदत, लागणारे पैसे, बीकॉमच्या परीक्षेशी होणारी ओढाताण. हा कागद खिशात ठेवायचा. मागितला तर द्यायचा.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी चुकले.

मी म्हटलं, आधी आईला सांग. आई वडिलांची मनःस्थिती ओळखते, ती वेळ बघेल, तुझ्या बाजूनं दोन शब्द बोलेल. आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला आहे हा. मीही शेकड्यांनी दिला असेल, आणि तिच्या बाबतीत जराही विचार न करता दिला.

रविवारी वडील ड्यूटीवर असताना तिनं आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला ठाऊक होतं.”

कसं? पुस्तकांवरून. आईचं शिक्षण सातवीपर्यंत, इंग्रजी नावं तिला वाचता येत नाहीत. पण गणपतीआधी माळा आवरताना तिच्या लक्षात आलं होतं की दुसऱ्या ग्रुपचा गठ्ठा क्लासच्या पिशवीत तसाच बांधलेला आहे आणि पोरीच्या उशाशी मात्र तेच जाडं पुस्तक, जे मेमध्ये होतं. “पास झालेल्या परीक्षेचं पुस्तक कोण वाचतं?” आई म्हणाली. “मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल.”

म्हणजे तीन महिने आईला माहीत होतं आणि ती वाट बघत होती. मुलगी आईपासून लपवत होती, आई मुलीपासून लपवत होती की आपल्याला कळलंय. या दोघींनी एकमेकींना मिठी वगैरे मारली नाही. आईनं पोळ्या लाटल्या, मुलीनं भाजल्या.

आणि आई म्हणाली, “बाबांना मी सांगते. आत्याच्या घरचा साखरपुडा होऊ दे. उगाच त्याआधी नको.”

साखरपुडा नऊ दिवसांवर होता. त्या नऊ दिवसांत माझ्या सल्ल्याचा काय परिणाम झाला बघा. आधी घरात दोघं लपवत होते आणि आई न बोलता बाजूला होती. आता तिघंही एका बाजूला आले, ठरवून. वडील घरी आले की बोलणं बदलायचं. मी आईला मधे घालून पूल बांधायला गेले आणि झाली भिंत.

सातव्या दिवशी भावानं ती पाडली. क्लासच्या फीवरून त्याचं आणि वडिलांचं वाजलं. बाइकच्या हप्त्याला वडील पैसे देत नव्हते. तो तावातावानं बोलून गेला, “तिच्यावर ओतताय ते चालतं, तिचं तर दोनदा उडालंय!”

खोलीत कुणी बोललं नाही. मग वडिलांनी विचारलं ते मार्कांबद्दल नव्हतं.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

हा प्रश्न मी त्याआधीही अनेक घरांतून ऐकला होता, पण त्याचं वजन कधी केलं नव्हतं. मुलांना वाटतं पहिला प्रश्न येणार ‘किती मार्क पडले’. पहिला किंवा दुसरा प्रश्न हाच असतो: अजून कुणाला माहीत आहे? आपण रांगेत कितवे, हे आईबाप आधी तपासतात.

मुलीनं खरं सांगितलं. दादाला जुलैपासून. आईला ऑगस्टपासून. कॉलेजच्या मॅडमना या महिन्यात.

“घरात चार माणसं,” वडील म्हणाले, “तिघांना माहीत. आणि बाहेरच्या एक मॅडम. बरोबर?” ताट बाजूला सारून गॅलरीत जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. न कळवता, दुपारी, दुसऱ्या पाळीला जाताना, खाकी कपड्यांत. मी बसा म्हटल्यावर ते अगदी खुर्चीच्या टोकाशी बसले. शिपाई आत पाणी ठेवून गेला, ते त्यांनी प्यायलं नाही.

“तुम्ही सांगितलंत का, आधी आईला सांग म्हणून?”

“हो. मीच सांगितलं.”

“का?”

माझ्याकडे तयार उत्तर होतं, आई समजून घेते वगैरे. ते तोंडात आलं आणि तसंच थांबलं. कारण समोरच्या माणसानं दिवाळीच्या आदल्या दिवशी ‘असू दे’ म्हटलं होतं, हे मला पहिल्या भेटीपासून माहीत होतं. माझ्याच फाइलमध्ये, पहिल्या पानावर. तरी मी त्यांना ‘तापट कामगार बाप’ या खणात टाकून मोकळी झाले होते. खाकी गणवेश, चाळ, कंडक्टर, एवढ्यावरून. मुलीनं एकदाही म्हटलं नव्हतं की बाबा मारतात, की पितात, की घर डोक्यावर घेतात.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “तुमच्याबद्दल विचार न करता सांगितलं.”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, बसमध्ये विदाउट तिकीट माणूस सापडतो ना रोज एखादा. मी त्याच्यावर ओरडत नाही. घाबरलेला असतो तो आधीच. पैसे घेतो, तिकीट देतो, पुढे जातो.” थांबून म्हणाले, “आणि माझी पोरगी मला घाबरली.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच काही.

मी सुचवलं की हवं तर दोघांनी माझ्या खोलीत बसून बोलावं. त्यांनी मान हलवली. “इथं नको. आणि मला कळलंय, ते कळलंय. पण तिनं सांगितलेलं नाही मला अजून. ते तिनं सांगायला पाहिजे.”

हे मला सुचलं नव्हतं. बातमी पोचली म्हणजे सांगणं उरलं नाही, असं मी धरून चालले होते. त्यांच्या लेखी सांगणं बाकीच होतं.

मी तिला फक्त एवढाच निरोप दिला. चार वाक्यांचा कागद तिच्याकडे होता.

पुढचं तिच्या तोंडून कळलं. त्या आठवड्यात वडिलांची पाळी पहाटेची लागली. साडेतीनला उठून आई चहा करते, चारच्या आत ते निघतात. ती त्यांच्याबरोबर उठली, ओढणी घेतली आणि मागोमाग जिना उतरली. वडील काही बोलले नाहीत. त्या वेळी परळचा रस्ता रिकामा असतो, म्हणजे मुंबईत जितका असू शकतो तितका. एखादा दुधाचा टेम्पो, पेपरवाल्यांचे गठ्ठे. कोपऱ्यापर्यंत पोचल्यावर तिनं चारही वाक्यं सांगितली. कागद न बघता, क्रम न चुकवता. चौथं वाक्य संपल्यावर तिला वाटलं आता काहीतरी बोलावं, पण मी थांब म्हटलं होतं म्हणून ती थांबली.

वडिलांनी विचारलं, “जुलैत किती कमी पडले?”

“चार.”

“चार?” ते उभे राहिले. “मग पेपर परत तपासायला नाही दिलेस?”

या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं आणि ते या चार महिन्यांची सगळ्यात ठोस किंमत होतं. निकालानंतर महिन्याभरात फेरपडताळणीचा अर्ज करता येतो, पेपरामागे 100 रुपये. उत्तरपत्रिकेची प्रत हवी तर पेपरामागे 500. यात पेपर नव्यानं तपासत नाहीत. बेरीज चुकली आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. मार्क वाढतीलच असं नाही, बहुतेकांचे वाढतही नाहीत. पण चार मार्कांसाठी कुणीही तो अर्ज केला असता. ‘पास’ झालेली मुलगी कसा करणार? ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुदत संपली.

वडिलांना ते चार मार्क आजही सुटत नाहीत. खोट्याबद्दल त्यांनी नंतर फारसं काढलं नाही. पण त्या 300 रुपयांबद्दल अधूनमधून बोलतात, आणि प्रत्येक वेळी मुलगी खाली बघते. मला विचाराल तर हे बरंच आहे. ज्याचा हिशेब लागतो अशी एक गोष्ट दोघांनी मधे ठेवली आहे.

पेढ्यांचं त्यांनीच निस्तरलं. मी तिला म्हटलं होतं की डेपोत कुणाला सांगायचं, कुणाला नाही, ते बाबांवर सोड. तो त्यांचा मान आहे. त्यांनी कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं, म्हणे, “पेढे ॲडव्हान्समध्ये खाल्लेत तुम्ही लोकांनी, लक्षात ठेवा.” यावर लोक हसले की काय केलं, ते तिला माहीत नाही. घरी त्यांनी एवढंच सांगितलं.

भावाशी ते पंधरा दिवस बोलले नाहीत. मुलीशी तिसऱ्या दिवशी बोलायला लागले. हे न्याय्य होतं असं मी म्हणणार नाही; पैसे त्यानंच दोनदा दिले होते. त्याला मी भेटायला बोलावलं, तो आला नाही.

माझ्या कामात या प्रकरणानंतर एक बदल झाला. घरात दोन्ही पालक एकत्र राहत असतील तर मी आता मुलांना सांगते, दोघांना एकाच वेळी, एकाच बैठकीत. एकाला आधी नाही. मारहाण असेल, दारू असेल, मुलीच्या जिवाला धोका वाटत असेल तर गोष्ट निराळी. तिथं आधी सुरक्षित माणूस, मग बाकीचं, आणि शक्य तर तिसरं कुणी मोठं हजर. पण ते मुलाला विचारून ठरवायचं, गणवेश बघून नाही. आणि दुसरं, पहिल्याच भेटीत मी यादी करून घेते: हे कुणाकुणाला माहीत आहे? ती यादी घेऊनच घरी जायचं, कारण विचारलं जाणार आहे.

जानेवारीचा फॉर्म वडिलांच्या पैशांनी भरला गेला. भरताना त्यांनी रजिस्ट्रेशन नंबर मागितला. हॉल तिकीट आल्यावर रोल नंबरही. दोन्ही नंबर त्यांनी कालनिर्णयच्या पानावर, मार्चच्या महिन्यात, पेननं लिहून ठेवले. तिला ते बघून पोटात गोळा आला. मला म्हणाली, “आता ते माझ्याआधी बघणार.” मी म्हटलं, बघू देत की. तिला ते पटलं नाही, आणि खरं तर मलाही खात्री नव्हती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. वडील ड्यूटीवर होते. तिनं स्क्रीन उघडली, वाचली, आणि फोन हातात असतानाच वाजला.

“मी नाही बघितलं,” वडील म्हणाले. “नंबर आहेत माझ्याकडे, पण नाही बघितलं. तू सांग.”

“नाही झालं, बाबा.” मग एका दमात: “टोटल झाली, एकशे एकोणसाठ. लॉमध्ये एकोणचाळीस, एका मार्कानं गेलं. टॅक्सला त्रेसष्ट आहेत, एक्झम्प्शन पडलं.”

मागे कुणीतरी सुटे पैसे मागत होतं.

“लॉ परत तपासायला द्यायचा,” ते म्हणाले. “आजच.” आणि बेल मारली.